जंगलाचं वय कोण मोजतं?

ब्रोकेनच्या वाटेवर आता सावली उरलेली नाही. उत्तर जर्मनीतल्या हार्झ पर्वतातलं हे ११४१ मीटर उंचीचं शिखर. बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा चढलो तेव्हा वाटेच्या दोन्ही अंगांना स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची काळीशार झाडी होती आणि भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार वाटायचा. मागच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो, तर नजर जाईल तिथवर राखाडी खांब उभे. साल गळलेली, फांद्या झडलेल्या, खाली आडव्या खोडांचा खच. सोबत पुण्याहून आलेला मामेभाऊ होता. तो थबकला आणि म्हणाला, "दादा, हे राष्ट्रीय उद्यान की स्मशान?" त्याचा प्रश्न रास्त होता. २०१८ ते २०२० हे तीन उन्हाळे कोरडे गेले, स्प्रूसवर साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची धाड पडली आणि या उद्यानातले बहुतेक स्प्रूस मेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रोकेनजवळ मोठा वणवा पेटला, तेव्हापासून जर्मनीतही हाच प्रश्न मोठ्या आवाजात विचारला जातोय.

पण तो ज्या तऱ्हेने विचारला जातो, तिथेच माझी तक्रार आहे. एक बाजू म्हणते, उद्यानवाल्यांनी हात बांधून बसायचं ठरवलं म्हणून झाडं मेली. वेळीच तोड केली असती तर जंगल वाचलं असतं. आता निदान वाळकं लाकूड तरी उचला. दुसरी बाजू म्हणते, माणसाने जंगलात पाऊलच ठेवू नये, कुऱ्हाड हेच सगळ्या दुःखाचं मूळ. मराठी घरांतल्या गप्पांतही हे ऐकतो. कुणाला युरोपचं शिस्तशीर 'शास्त्रीय' वनव्यवस्थापन आदर्श वाटतं, कुणाला युरोपने आपली जंगलं केव्हाच संपवली असं वाटतं. माझं म्हणणं असं: युरोपात दोन अगदी वेगळ्या गोष्टींना 'जंगल' हे एकच नाव मिळालं आहे आणि दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडला जातोय. एक आहे शतकानुशतकं आपलं आपण वाढलेलं जुनं रान. दुसरं आहे लाकडाचं पीक. पहिल्याला तोडीपासून पूर्ण मोकळं ठेवायला हवं, त्यात घासाघीस नको. दुसऱ्यात तोड व्हायलाच हवी, पण आज होते तशी नव्हे. आणि या बदलाची किंमत रानाशेजारी राहणाऱ्यांच्या माथी न मारता सगळ्या समाजाने उचलायला हवी.

आधी त्या मेलेल्या स्प्रूसची जन्मकथा पाहू. हार्झमध्ये स्प्रूस मुळात फक्त वरच्या थंड पट्ट्यातला. खालच्या उतारांवर बीच आणि इतर पानगळीची झाडं होती. हार्झ हा चांदीच्या खाणींचा मुलूख. खाणीतल्या टेकूंना आणि धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना लाकूड लागायचं. डोंगर उघडे पडले, तेव्हा लवकर आणि सरळ वाढणारा स्प्रूस रांगांनी लावला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तेच. आधी बेसुमार तोड, मग घाईघाईने लागवड. ती लागवड करणाऱ्या बायकांच्या स्मरणार्थ जुन्या ५० फेनिगच्या नाण्यावर रोप लावणारी स्त्री कोरलेली होती. नाण्यावर तिच्या हातात ओकचं रोप आहे. प्रत्यक्षात डोंगरावर मात्र मुख्यतः स्प्रूस लागला. मला त्या बायकांबद्दल आदरच वाटतो. पडलेल्या देशात उपाशीपोटी त्यांनी डोंगर हिरवे केले. पण सारख्या वयाची, सारख्या जातीची, उथळ मुळांची ही झाडं चुकीच्या उंचीवर रांगेत उभी होती, हेही खरं. धडधाकट स्प्रूस भुंगेऱ्याला आपल्या चिकात बुडवून मारतो. जमिनीत पाणीच नसेल तर चीक कुठून येणार? उन्हाळा तापला की भुंगेऱ्याच्या एकाऐवजी दोन, कधी तीन पिढ्या निघतात. अशा रानाला भुंगेरा लागणं म्हणजे गंजीला ठिणगी लागण्यासारखं. म्हणजे ही झाडं हात न लावल्यामुळे मेलेली नाहीत. दोनशे वर्षांपूर्वी लागलेल्या हाताचा हा परिणाम आहे. पुरावा हवा असेल तर उद्यानाच्या हद्दीबाहेर बघा. तिथे तोड नियमित चालू होती, यंत्रं होती, वनाधिकारी होते. तरीही जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात जर्मनीत सुमारे ५ लाख हेक्टरवरचं वृक्षाच्छादन गेलं. ते सारं काही राष्ट्रीय उद्यानांत नव्हतं.

हे सांगताना जर्मन वनविद्येचं मोठेपण नाकारायचं नाही. १७१३ साली सॅक्सनीतले खाण-अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी लिहून ठेवलं की जितकं वाढेल तितकंच तोडा, म्हणजे पुरवठा टिकेल. आज जगभर ज्याला 'शाश्वतता' म्हणतात, त्या शब्दाचं मूळ इथे आहे. लाकडाच्या टंचाईने घायकुतीला आलेल्या युरोपात हा विचार मांडणं ही मोठीच झेप होती. त्यामुळे डोंगर पुन्हा झाकले गेले. आज युरोपीय संघाच्या सुमारे ३९ टक्के भूभागावर जंगल आहे, हे त्याच शिस्तीचं फळ. पण त्या विचारात टिकवायचं काय होतं? लाकडाचा पुरवठा. जंगलातला सुतार पक्षी, पोकळ खोडातलं घुबड, कुजक्या ओंडक्यावरची बुरशी, ओढ्याचं पाणी, डुकरं चारायला येणारा गरीब शेतकरी, यातलं काहीही त्या वहीत नव्हतं. वहीत घनमीटर होते. जे मोजलं गेलं ते टिकलं.

हीच वही पुढे आपल्याकडे आली. बॉनमध्ये जन्मलेले डिट्रिच ब्रांडिस १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या सागवानी जंगलांवर नेमले गेले आणि १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. ब्रांडिस स्वतः गावकऱ्यांच्या हक्कांबाबत सरकारातल्या इतरांपेक्षा बरेच उदार होते. तरीही १८७८ चा वन कायदा आला तो सरकारी मालकीचा. आपल्या वनखात्याची 'कार्य आयोजना', कूप पाडणं (म्हणजे तोडीसाठी रानाचे तुकडे आखणं), विरळणी, या साऱ्या पद्धतीमागे तीच घडण आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले ते यासाठीच. शेतकऱ्याची गायराने, रानातली फळं, मोहाची फुलं, पळसाची पानं, शेळ्यामेंढ्यांची चराई, सगळं त्या खात्याने गिळलं, असा त्यांचा आक्षेप होता. जर्मनीतल्या गरिबांचीही तक्रार वेगळी नव्हती. वाळकं सरपण वेचणं हा तिथे एकोणिसाव्या शतकात गुन्हा ठरत होता. मग 'शास्त्रीय' या शब्दापुढे आपण इतक्या सहज मान का झुकवतो? शास्त्र कुणाच्या गरजेसाठी वापरलं गेलं, हे आधी विचारायला नको?

आता न तोडण्याच्या बाजूने सर्वांत बोलका दाखला. जर्मनीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९७० मध्ये बव्हेरियन फॉरेस्टमध्ये झालं, चेक सीमेला लागून. १ ऑगस्ट १९८३ ला वादळात तिथली प्रचंड झाडी आडवी झाली. शेकडो वर्षांच्या शिस्तीप्रमाणे ते लाकूड उचलून विकायला हवं होतं. उद्यानाचे प्रमुख हान्स बिबेलरीटर आणि बव्हेरियाचे वनमंत्री हान्स आयझेनमान यांनी ठरवलं की ते पडू द्यायचं. पुढे भुंगेरा आला आणि नव्वदच्या दशकात हजारो हेक्टरवरचे स्प्रूस मेले. आसपासच्या गावांत संताप उसळला. आजोबांनी राखलेलं रान डोळ्यांदेखत सरकार मारतंय, असं लोकांना वाटलं. ते वाटणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ओळखीचा डोंगर मरताना पाहणं हे दुःखच आहे. हार्झमध्ये तेच माझ्याही वाट्याला आलं. पण पुढे काय झालं? पडक्या खोडांच्या आडोशाला हरणांच्या तोंडातून वाचलेली रोपं उठली. सडक्या ओंडक्यावर स्प्रूस रुजला, सोबत रोवन, बर्च आणि खालच्या अंगाला बीच. या खेपेला रान एका वयाचं नव्हतं. दुर्मिळ झालेल्या बुरशी आणि किडे परतले. फिनलंडमध्ये अभ्यासकांनी मांडलेला हिशेब असा की जंगलातल्या सर्व जातींपैकी २० ते २५ टक्के जाती कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मेलेल्या लाकडावर अवलंबून असतात. 'स्वच्छ' जंगल म्हणजे त्यांच्यासाठी ओस पडलेलं गाव.

आणि एक बारकावा, जो दोन्ही बाजू विसरतात. बव्हेरियात उद्यानाच्या आतल्या गाभ्यात हात लावला नाही, पण सीमेलगतच्या पट्ट्यात भुंगेरा लागलेली झाडं तोडून हलवली जातात, म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याच्या खाजगी रानात कीड जाऊ नये. वणव्याबाबतही असाच तोडगा शक्य आहे. गावालगत, रस्त्यालगत मोकळा पट्टा ठेवा, वाळकं लाकूड हलवा. तिथे धोका खरा आहे. पण आत डोंगरावर जड यंत्रं घालून सगळं खरवडून काढल्याने काय साधेल? जाड ओलसर ओंडके निघून जातील आणि आगीला सगळ्यात आधी लागणारा काटक्याकुटक्यांचा कचरा उन्हात उघडा पडेल.

भुंगेऱ्याचं निमित्त कुठवर ताणता येतं हे पोलंडने दाखवलं. बेलारूसच्या सीमेवरचं बियावोविएझा हे युरोपच्या सखल प्रदेशातलं उरलेलं सर्वांत मोठं जुनं रान. १९१९ मध्ये इथला शेवटचा रानटी युरोपीय गवा (बायसन) मारला गेला आणि प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या जनावरांपासून वंश वाढवून १९५२ मध्ये गवे पुन्हा रानात सोडले गेले. पोलंडच्या बाजूचं फक्त सहाव्या हिश्श्याइतकं रान राष्ट्रीय उद्यानात आहे. मार्च २०१६ मध्ये पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी तिथल्या एका वनविभागाची दहा वर्षांची तोडमर्यादा सुमारे ६३ हजार घनमीटरवरून १ लाख ८८ हजारांवर नेली. कारण दिलं भुंगेऱ्याचं. पण हे स्प्रूसचं लावलेलं शेत नव्हतं. ओक, हॉर्नबीम, लिंडेन अशा मिश्र रानात स्प्रूस मरतो आणि त्याची जागा दुसरं झाड घेतं, हे तिथे हजारो वर्षं चाललेलं. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. तोड थांबवली नाही तर रोज किमान १ लाख युरो दंड होईल अशी ताकीद नोव्हेंबर २०१७ मध्ये दिली गेली, आणि १७ एप्रिल २०१८ च्या निकालात पोलंडने अधिवास आणि पक्षी संरक्षणाचे कायदे मोडल्याचं ठरलं. मला हा निकाल योग्य वाटतो. पण जिंकणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारला नाही. त्या रानाशेजारच्या गावांतले इतके लोक तोडीच्या बाजूने का उभे राहिले? त्यांना रानाचा राग होता का? सरपण, लाकूडकाम आणि रोजगार ज्या रानातून मिळतो, त्याचा निर्णय दूरच्या शहरात होतो, आणि आपल्या हाती मनाई करणारी पाटी तेवढी येते, याचा तो राग होता.

आता समोरच्यांचे सर्वांत भक्कम मुद्दे घेतो, कारण ते भक्कमच आहेत. पहिला: युरोपने आपल्याकडची तोड थांबवली तर लाकडाची गरज संपणार नाही, कुऱ्हाड दुसऱ्या देशात चालेल. दुसरा: सिमेंट आणि पोलाद बनवताना प्रचंड कार्बन हवेत जातो, लाकडी घर मात्र तो दशकानुदशकं धरून ठेवतं, मग लाकूड वापरणं हेच पर्यावरणाचं काम नाही का? दोन्ही खरं आहे. म्हणूनच मी सगळी तोड थांबवा असं म्हणत नाही. पण हे मुद्दे जुन्या रानाविरुद्ध वापरले जातात तेव्हा हिशेब तपासावा लागतो. युरोपीय संघाच्या एकूण जंगलात जुनं, मूळ स्वरूपातलं रान उरलंय सुमारे ३ टक्के, तेही बहुतेक स्वीडन, फिनलंड, बल्गेरिया आणि रोमानिया या चार देशांत. ते ३ टक्के सोडले तर युरोपला लाकडाचा दुष्काळ पडेल? आणि तोडलेलं लाकूड जातं कुठे? तुळया आणि दारं-खिडक्यांत जाणारा भाग आपल्याला दाखवला जातो. पण लाकडाचा फार मोठा हिस्सा शेवटी जळणात जातो, आणि धुराड्यातून निघणारा तो धूर ऊर्जेच्या हिशेबात शून्य धरला जातो. झाड पुन्हा वाढेल, या भरवशावर. शंभर वर्षांचं झाड एका रात्रीत जळतं. त्याची भरपाई व्हायला पुन्हा शंभर वर्षं लागतात. हा भरवसाही डळमळू लागलाय. जर्मनीच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय वनगणनेत दिसलं की २०१७ पासून तिथली जंगलं कार्बन साठवण्याऐवजी गमावत आहेत. उद्या दुसरीकडे कुऱ्हाड चालू नये म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीतून आलेल्या मालावर बंदीचा कायदाही केला; लागू करायची वेळ आली तेव्हा मात्र तारीख पुढे ढकलली. तोड परदेशी सरकेल ही भीती ज्यांना खरोखर वाटते, त्यांनी या ढकलाढकलीविरुद्ध सर्वांत आधी बोलायला हवं होतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो: युरोपात माणसाचा हात न लागलेलं रान जवळपास नाहीच, आणि कित्येक ठिकाणी माणूस निघून गेल्याने नुकसान झालं. पोर्तुगाल बघा. तिथल्या बुचाच्या ओकांची साल दर नऊ वर्षांनी सोलतात. झाड पाव शतकाचं झाल्याशिवाय पहिली साल काढत नाहीत, आणि झाड तोडायला कायद्याने मनाई आहे. त्या झाडांखाली गुरं-डुकरं चरतात, पक्षी राहतात, माणसांना मजुरी मिळते. हा वापरच त्या रानाचा आधार आहे. उलट याच देशाच्या मध्यभागी गावं ओस पडली, शेतं पडीक झाली, कागदासाठी लावलेलं निलगिरी पसरलं, आणि जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसं गेली. तेव्हा 'माणूस बाहेर काढा' हे सरसकट धोरण होऊ शकत नाही, हे मला पूर्ण मान्य. पण यातून निघणारा धडा जुनं रान तोडा असा आहे का? धडा असा आहे की जागेप्रमाणे धोरण हवं. बुचाच्या ओकाला सोलणारे हात हवेत, बियावोविएझाला नकोत.

हिरवं दिसेल ते जंगल, या समजुतीने किती घात होतो याचा दाखला स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला आहे. केथनेस आणि सदरलंडमधला फ्लो कंट्री हा पीटचा, म्हणजे हजारो वर्षं साचलेल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा अफाट दलदली पट्टा. तिथे झाडं नव्हती, म्हणून तो 'पडीक' ठरला. लागवडीवर करसवलत होती, म्हणून १९८० च्या दशकात श्रीमंतांनी चर खणून पाणी काढलं आणि परदेशी सूचिपर्णी झाडं लावली. पीट सुकू लागला, त्यातला कार्बन सुटू लागला, दलदलीतले पक्षी उडाले. १९८८ च्या अर्थसंकल्पात सवलत काढली तेव्हा लागवड थांबली. त्यानंतर संवर्धनासाठी तिथे झाडं तोडली जाताहेत आणि चर बुजवले जाताहेत. २०२४ मध्ये फ्लो कंट्री जागतिक वारसा झाला. युरोपीय संघाने २०३० पर्यंत ३ अब्ज जास्तीची झाडं लावायचं ठरवलंय, ते वाचताना मला हे चर आठवतात. आकडा रोपांचा असेल, तर रोपंच मिळतील.

मग करायचं कसं? त्यासाठी स्लोव्हेनियाकडे बघावं. १८९२ मध्ये कोचेव्ये भागात लेओपोल्ड हुफनागेल नावाच्या वनाधिकाऱ्याने एका सरदारी जहागिरीच्या रानाची योजना आखली. त्यात दोन गोष्टी होत्या. काही जुनं रान कायमचं अस्पर्श ठेवायचं, आणि उरलेल्यात सरसकट तोड न करता झाड निवडून तोडायचं. युद्धानंतर, १९४९ च्या सुमारास, सगळ्या देशातच सरसकट तोड बंद झाली. आज त्या देशाचा निम्म्याहून जास्त भाग जंगलाखाली आहे, तीन चतुर्थांशाच्या आसपास रान खाजगी मालकीचं, तरी कुठलं झाड तोडायचं ते वनसेवेचा माणूस मालकासोबत फिरून खुणा करून ठरवतो. लाकूड मिळतं, आणि त्याच रानात अस्वलंही आहेत. संकटं त्यांनाही चुकली नाहीत. फेब्रुवारी २०१४ मध्ये गोठलेल्या पावसाच्या भाराने जंगल प्रचंड मोडलं, मागोमाग भुंगेरा आला. पण रान मिश्र वयाचं असल्याने सगळं एकदम गेलं नाही. हुफनागेलच्या योजनेत एकाच जहागिरीच्या दोन वेगळ्या वह्या होत्या, मी सुरुवातीला म्हटलं तशा.

१७ जून २०२४ ला मंजूर झालेल्या युरोपीय निसर्ग पुनर्स्थापना कायद्याचं महत्त्व मला म्हणूनच वाटतं. त्यात जंगलासाठी नुसतं क्षेत्रफळ धरलेलं नाही. उभं मेलेलं लाकूड, आडवं मेलेलं लाकूड, वेगवेगळ्या वयाच्या झाडांचं प्रमाण, रानपक्ष्यांची संख्या यांत वाढ दाखवायची आहे. तीनशे वर्षांनी घनमीटरच्या शेजारी नवा रकाना आखला गेला. विरोधही तितकाच कडवा झाला. संसदेत ३२९ विरुद्ध २७५ अशी मतं पडली. विरोधकांतले सगळेच लाकूड कंपन्यांचे वकील नव्हते. युरोपीय संघातलं सुमारे ६० टक्के जंगल खाजगी आहे, आणि त्यातले कित्येक मालक पाच-दहा एकरांचे. मुलीच्या शिक्षणासाठी, छपराच्या दुरुस्तीसाठी दहा ओक राखून ठेवणाऱ्या माणसाला तुम्ही सांगणार की हे पोकळ झालेलं झाड मरेपर्यंत उभं ठेव, कारण त्यात सुतार पक्षी राहतो. त्याने का ऐकावं? पक्षी साऱ्या युरोपचा आणि तोटा त्याच्या एकट्याचा?

इथे मला पुण्याची आठवण येते. १८७८ च्या वन कायद्याच्या वेळी पुणे सार्वजनिक सभेने सरकारला लिहिलं होतं की लोकांना जंगलातून हुसकावण्यापेक्षा त्यांना विश्वासात घ्या. जे गाव आपलं रान चांगलं राखेल त्याला बक्षीस द्या, म्हणजे शेजारची गावंही ईर्ष्येने राखू लागतील. सरकारने ऐकलं नाही. आज युरोपात शेतीला अनुदान आहे, रोपं लावायला पैसे मिळतात. जुनं झाड न तोडता उभं ठेवणाऱ्याला खात्रीचं आणि दीर्घ मुदतीचं देणं मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. सभेची ती जुनी सूचना आज ब्रसेल्सच्या टेबलावर ठेवावी असं मला मनापासून वाटतं. ओकच्या प्रत्येक पोकळ खोडाला वर्षाला ठरलेली रक्कम, तीस वर्षांच्या कराराने. मग कायदा मालकाच्या माथी बसणार नाही, त्याच्या पदरात पडेल.

हार्झमध्ये मामेभावाला मी हे सगळं सांगत होतो तेव्हा उतरताना त्याने एक गोष्ट हेरली, जी माझ्या नजरेतून निसटली होती. खालच्या उतारावर मेलेल्या स्प्रूसच्या मधोमध गुडघाभर उंचीचे बीच होते, आणि ते आपोआप आलेले दिसत नव्हते. बरोबर आहे. निसर्गाला निसर्गासारखं राहू द्या म्हणणाऱ्या याच उद्यानाने खालच्या पट्ट्यात बीचची रोपं मुद्दाम लावली आहेत, कारण आसपास बी टाकायला एकही जुना बीच उरला नव्हता. वर, शिखराकडे, कुणी काही लावलेलं नाही. तिथे राखाडी खोडांच्या बुडाशी रोवनची लाल फळं दिसत होती. खाली हात लावायचा, वर लावायचा नाही, हे कुणीतरी उतारावर उभं राहून, माती आणि उंची बघून ठरवलं होतं. मामेभाऊ त्या बीचच्या रोपाशी वाकला, पान उलटून पाहिलं, आणि विचारलं, "हे मोठं व्हायला किती वर्षं?" म्हटलं, दीडशे.